कार्यविश्लेषण व कौशल्य-तफावत

एखाद्या पदावर नेमके कोणते काम करावे लागते आणि त्यासाठी कोणते ज्ञान, कौशल्ये व क्षमता लागतात, हे पद्धतशीरपणे शोधून नोंदवणे म्हणजे कार्यविश्लेषण. या अपेक्षा आणि कर्मचाऱ्याची प्रत्यक्ष क्षमता यांतील अंतरास कौशल्य-तफावत म्हणतात. विश्लेषण पदाचे करायचे असते, पदावरील व्यक्तीचे नव्हे. हा भेद सुटला, की आजचा कर्मचारी जे करतो तेच मानक ठरते आणि तफावत दिसेनाशी होते.

उगम : याविषयी एकमत नाही. दीद्रो यांच्या संपादनाखाली १७५१–७२ या काळात निघालेल्या फ्रेंच विश्वकोशात कारागिरांच्या कामांची सचित्र वर्णने आहेत. काही अभ्यासक त्यांत या पद्धतीचे पूर्वरूप पाहतात. श्रेय बहुधा अमेरिकन अभियंते फ्रेडरिक टेलर यांना दिले जाते. त्यांनी साधारण १८८० च्या दशकात अमेरिकेतील मिडव्हेल पोलाद कारखान्यात कामाचे घटक पाडून प्रत्येकास लागणारा वेळ मोजला. योग्य कामगार निवडण्यावरही त्यांचा भर होता. तरी त्यांचा मुख्य प्रश्न काम किती वेळात व कोणत्या रीतीने व्हावे, हाच होता. मानसशास्त्रज्ञ ह्यूगो म्यून्स्टरबर्ग यांनी ट्रामचालकांच्या कामाचा अभ्यास केला. पादचारी व वाहने पुढच्या क्षणी कुठे असतील याचा सतत अंदाज घेणारे अवधान, हा त्या कामाचा गाभा असल्याचे त्यांनी ठरवले व त्यानुसार चाचणी रचली (ग्रंथरूपात इंग्रजीत १९१३). कामाच्या गरजेवरून माणसातील गुण शोधण्याची आजची दिशा येथे अधिक स्पष्ट दिसते.

पद्धती : निरीक्षण, मुलाखत, प्रश्नावली व कामाची रोजनिशी ही सर्वपरिचित साधने आहेत. सिडनी फाइन यांनी प्रत्येक काम माहिती, माणसे व वस्तू या तिन्हींशी येणाऱ्या संबंधावरून मांडले. जॉन फ्लॅनॅगन यांची निर्णायक प्रसंगांची पद्धत (१९५४) दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन वैमानिकांच्या निवडीसंबंधीच्या कामातून आली. तीत ‘चांगला कर्मचारी कसा असतो’ असे मोघम विचारत नाहीत. काम विशेष साधले वा फसले असा प्रसंग, त्या वेळची नेमकी कृती आणि तिचा परिणाम नोंदवतात.

तफावतीचे निदान : मॅकगी व थेअर यांनी १९६१ मध्ये संस्था, काम व व्यक्ती अशा तीन पातळ्यांवर प्रशिक्षणाची गरज तपासण्याची मांडणी केली, ती अद्याप प्रचलित आहे. उणी कामगिरी म्हणजे कौशल्याचाच अभाव असे नाही. कर्मचाऱ्यास काम येत असूनही अवजार सदोष, सूचना संदिग्ध किंवा मोबदला अपुरा असेल, तर प्रशिक्षणाने फरक पडत नाही. हा तपास अनेकदा वगळला जातो आणि दोष विनाकारण कर्मचाऱ्यावर येतो. तफावत टिपण्यासाठी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन कारखान्यांतील पर्यवेक्षकांना एक साधा तक्ता शिकवला जाई : एका बाजूस कामगार, दुसऱ्या बाजूस कामे, जे काम कामगारास येते तेथे खूण, आणि जे शिकवायचे तेथे ते कधीपर्यंत शिकवायचे त्याची तारीख.