वास्तुविशारद-बदल (सार्वजनिक इमारती)

सरकारी किंवा पालिकेच्या इमारतीचे काम अर्ध्यावर असताना मूळ वास्तुविशारदाच्या जागी दुसऱ्याची नेमणूक करणे. मृत्यू, राजीनामा, थकलेली फी, अधिकाऱ्यांशी मतभेद ही नेहमीची कारणे. निधी हप्त्याहप्त्याने येणाऱ्या कामांत आणखी एक कारण असते: स्लॅब ओतून होतो, पैसे संपतात, दोन-तीन पावसाळे जातात आणि सुधारित प्रशासकीय मान्यता मिळेपर्यंत पहिला माणूस दुसऱ्या कामात गुंतलेला असतो.

भारतात हा व्यवसाय वास्तुविशारद अधिनियम, 1972 खाली येतो. 1989 च्या आचार विनियमांनुसार दुसऱ्याला बाजूला सारून त्याचे काम मिळवणे हे गैरवर्तन ठरते. त्याच कामावर आधीच कोणी नेमलेला आहे असे कळले, तर त्याला कळवणे बंधनकारक आहे. पहिल्याची ‘एनओसी’ (ना हरकत पत्र) कागदावर आली की हा भाग मिटतो. रेखाचित्रांवर हक्क कोणाचा, हे मात्र मूळ करारातच लिहून घेतलेले बरे.

खरी कसोटी जागेवर असते. सांगलीच्या काळ्या मातीत पाया किती खोल गेला, हे भराव टाकल्यावर कोणालाच दिसत नाही. नकाशाच्या तीन-चार सुधारित प्रती असतात आणि त्यांतली कोणती प्रत्यक्ष वापरली, हे साइटवरच्या माणसालाच ठाऊक असते. कॉलमच्या वर सोडलेल्या सळ्या पावसात गंजून त्यांचे पापुद्रे निघतात. त्या वायर ब्रशने घासून व्हर्नियरने व्यास मोजावा लागतो, जुन्या काँक्रीटचा कोअर (गोल दंडासारखा नमुना) काढून तपासावा लागतो. म्हणून पहिला वास्तुविशारद, दुसरा, आरसीसी (सळ्या-काँक्रीटच्या सांगाड्याचा) सल्लागार, ठेकेदार आणि अभियंता यांनी एकत्र उभे राहून संयुक्त मोजणी करणे आणि ती मोजमाप पुस्तिकेशी ताडून पाहणे, यातच निम्मे भांडण टळते. एका दिवसाच्या या कामात कसूर केली की पुढे भेग पडल्यावर जबाबदार कोण, याचा निकाल लागत नाही.

जोत्याची, म्हणजे इमारतीच्या तळमजल्याच्या उंचावलेल्या बैठकीची, पातळी हा सांगलीतला सर्वांत नाजूक मुद्दा. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट आहे. 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले. 2005 चा पूर डोळ्यांसमोर ठेवून जोते बांधले गेले असेल, तर नव्या वास्तुविशारदाने ते जसेच्या तसे स्वीकारू नये. किमान विजेची पॅनेल आणि दप्तरखाना वरच्या मजल्यावर न्यावा. त्याआधी शेजारच्या कंपाउंडवर लाल रंगाने काढलेली बेंचमार्कची (जिच्यावरून सगळ्या उंच्या मोजतात ती) खूण शोधावी. ती पुसली गेली असेल, तर जुन्या नकाशांतल्या सगळ्या उंच्या निरुपयोगी होतात.

नाट्यगृहात नुकसान सर्वांत जास्त होते, कारण सांगाडा एकाचा आणि ध्वनियोजना दुसऱ्याची अशी वाटणी तिथे निभत नाही. 1843 पासून नाटक जपणाऱ्या सांगलीला हे वेगळे सांगायला नको. सिडनी ऑपेरा हाउसचे मूळ वास्तुविशारद यॉर्न उत्झॉन 1966 मध्ये सरकारशी बिनसल्याने बाहेर पडले. अंतर्भाग पीटर हॉल आणि सहकाऱ्यांनी पुरा केला. 1973 मध्ये उद्घाटन झाले तेव्हा मोठे सभागृह फक्त संगीत मैफलींचे उरले होते आणि ऑपेरा लहान सभागृहात गेला होता. पुढील बदलांसाठी मार्गदर्शक तत्त्वे लिहायला 1999 मध्ये उत्झॉन यांनाच पुन्हा बोलावण्यात आले.