उन्हाने अंग तापलं म्हणजे वॉर्मअप झाला का?

मे महिन्यात इंदूरला छोटी सायकल रेस असली ना, पाच-दहा किलोमीटरची टीटी (टाइम ट्रायल, एकेकट्याने घड्याळाशी शर्यत) म्हणा किंवा अर्ध्या तासाचं क्रिट (छोट्या चकरीवर सगळ्यांनी एकत्र मारायच्या फेऱ्या), की स्टार्टपाशी कोणीतरी हमखास म्हणतं, "अरे भिया, पारा चाळिशीला टेकलाय, आता अजून कसला वॉर्मअप?" आणि बाकीचे माना डोलावतात. ऐकायला पटतंही, कारण घाम तर उभ्या उभ्या येतच असतो. पण ऊन लागून अंग तापणं वेगळं आणि वॉर्मअप वेगळा, दोघांत थोडंसं सारखं आहे म्हणूनच सगळा घोळ होतो. आणि या घोळापायी चांगली तयारी केलेली पोरं पहिल्या दोन मिनिटांतच मागे पडतात तेव्हा खरंच जीव हळहळतो, पहाटे उठून उठून केलेली मेहनत असते हो ती.

उन्हात उभा असलेला रायडर जरा नीट बघा. हेल्मेट बांधलेलं, सायकलच्या दांडीवर टेकलेला, एक पाय जमिनीवर, हनुवटीखालच्या पट्ट्यावर मिठाची पांढरी रेघ, आणि मनगटावरच्या घड्याळात हार्ट रेट शंभराच्या वर. तो म्हणतो, बघा, गाडी तर चालू झालीच आहे. पण हा हार्ट रेट पायांसाठी नाहीये. शरीराला गरमी बाहेर टाकायची असते म्हणून रक्त त्वचेकडे जातंय आणि त्यासाठी हृदय जास्त धावतंय, मांड्यांना त्याचा काही उपयोग नाही. वर शरीराच्या आतलं तापमान रेसच्या आधीच चढायला लागतं, ते 39.5-40 अंशांच्या घरात गेलं की बहुतेक लोक ढेपाळतात, म्हणजे जितका वेळ उन्हात उभे राहाल तितकी पुढची गुंजाइश कमी. पाच मिनिटांच्या रेसला हे फारसं नडत नाही, वीस-तीस मिनिटांच्या रेसला चांगलंच नडतं.

वॉर्मअपमध्ये गरमी आतून तयार होते, आणि जिथे पाहिजे तिथेच. बसलेल्या माणसाच्या मांडीच्या स्नायूचं तापमान 35-36 अंशांच्या आसपास असतं, पेडल मारायला लागलं की पहिल्या तीन ते पाच मिनिटांत ते भराभर वाढतं आणि दहा-वीस मिनिटांत स्थिरावतं. गरम स्नायू जास्त झपाट्याने काम करतो, कॅडन्स, म्हणजे पेडल फिरवण्याचा वेग, जितका वर तितका हा फायदा मोठा, शिवाय रक्तातला ऑक्सिजनही त्याला सहज मिळतो. पण मला विचाराल तर छोट्या रेसमध्ये तापमानापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे ऑक्सिजनचा उशीर. एकदम जोर लावला की फुप्फुसं, हृदय, पायातल्या बारीक रक्तवाहिन्या हे सगळं पूर्ण लयीत यायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि तोवर पाय उधारीवर चालतात, ती उधारी मग रेसच्या मधेच फेडावी लागते, श्वास फुलतो, पाय जड होतात. दोन तासांच्या राइडमध्ये ही दोन मिनिटं कुठे गेली ते कळतही नाही, आठ-दहा मिनिटांच्या टीटीत तोच पाव हिस्सा असतो! क्रिटचंही तेच, पहिल्या लॅपलाच सगळे सुटतात, तिथे हळूहळू लयीत यायला वेळ कोण देणार. आधी एकदा पायांकडून जोराचं काम करून घेतलं असेल आणि मग थोडी विश्रांती मिळाली असेल तर पुढच्या वेळी ऑक्सिजन लवकर कामाला लागतो. उन्हात कितीही वेळ उभं राहा, हे होत नाही.

आता उन्हाची बाजूही घ्यायलाच हवी, कारण बाहेरची गरमी अगदीच फुकट जात नाही. 1987 साली छापून आलेल्या एका प्रयोगात लोकांचे पाय 44 अंशांच्या पाण्यात पाऊण तास बुडवून ठेवले आणि मग 20 सेकंदांची स्प्रिंट मारायला लावली, तर पॉवर सुमारे 11 टक्के वाढली. पेडल न मारता! 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटिश ट्रॅक टीमने वॉर्मअप आणि रेसच्या मधल्या वेळेत बॅटरीवर तापणाऱ्या पँट घातल्या होत्या, त्या याचसाठी. म्हणजे दहा-वीस सेकंदांच्या स्प्रिंटला नुसती गरमी खरोखर कामाची आहे. पण नीट लक्ष द्या, त्या पँटने वॉर्मअप केला नव्हता, झालेला वॉर्मअप टिकवला होता, आणि गरमी फक्त पायांना होती, छातीला-डोक्याला नाही.

याचंच दुसरं टोक म्हणजे टूर द फ्रान्सच्या उन्हाळी टीटी. टीमच्या बसपाशी रायडर ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, पेडल मारत असतात आणि अंगात बर्फाचं जाकीट! पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं हे काय, गरम व्हायचंय की गार. दोन्ही व्हायचंय, पाय गरम आणि धड गार. माझ्या मते आपल्याकडच्या मे महिन्याचं उत्तर या एका दृश्यात आहे, बर्फाचं जाकीट नसेल तर ओला गमछा मानेवर टाका, तेवढ्यानेही जरा बरं वाटतं.

मग करायचं किती? इथे उलटी चूक करणारेही खूप आहेत, तासभर घाम गाळून स्टार्टला येतात आणि म्हणतात मस्त वॉर्मअप झाला. 2011 मध्ये कॅलगरी विद्यापीठातल्या संशोधकांनी ट्रॅक स्प्रिंटर्सना त्यांचा नेहमीचा लांबलचक वॉर्मअप, शेवटी चार स्प्रिंट वगैरे, आणि त्याच्या तुलनेत छोटा, हलका, एकाच स्प्रिंटचा वॉर्मअप असे दोन्ही करायला लावले. छोट्या वॉर्मअपनंतर पॉवर साधारण 6 टक्के जास्त निघाली, कारण लांब वॉर्मअपने पाय थकूनच गेले होते. म्हणून मी तरी मे महिन्यात दहा-बारा मिनिटांवर जाऊच नका म्हणेन. ट्रेनर सगळ्यांकडे नसतो, तर झाडांची एखादी गल्ली शोधा, आधी पाच-सहा मिनिटं गप्पा मारता येतील अशा वेगाने, मग तीनेक मिनिटं एक-दोन शब्दांपलीकडे बोलता येणार नाही असा जोर, परत हलकं, एक सहा-सात सेकंदांची छोटी स्प्रिंट आणि बस. स्टार्टच्या आधी आठ-दहा मिनिटं सावलीत, थंड पाण्याचे घोट घेत. जानेवारीत इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर पहाटे दहा अंशांत मात्र हेच वीस-पंचवीस मिनिटांचं होतं, आणि जाकीट-टाइट्स अगदी शेवटच्या क्षणाला काढायचे. पाय पकडून मिनिट-मिनिट ताणत बसणं दोन्ही ऋतूंत नको, त्याने ताकद थोडा वेळ कमीच होते.

राहता राहिला उशीर. स्टार्ट वेळेवर झाला तर नवल, कोणाचं तरी भाषण असतंच. वीस मिनिटं तसंच उभं राहिलात तर थंडीत पाय गार पडतात, आणि उन्हात पाय गरम राहिले तरी धडही तापत जातं. लोक पुढची जागा जाईल म्हणून लाइन सोडत नाहीत. टीटीत तर जागेचा प्रश्नच नाही, तुमची वेळ ठरलेली आहे, बिनधास्त निघा आणि तीन-चार मिनिटं हलकं फिरून या. क्रिटमध्ये दोघा-तिघांनी मिळून ठरवा, एकाने सायकली धरायच्या, बाकीच्यांनी सावलीत जायचं, आणि भाषण आवरतंय असं दिसलं की जागच्या जागी वीसेक उठाबशा काढा, लोक बघतील, बघू द्या.