सामायिक पाणी ओरबाडलंच जातं?

"सगळ्यांचं पाणी म्हणजे कुणाचंच नाही, सरकार तरी हवं, नाहीतर मीटर तरी," हे वर्षानुवर्षं ऐकतोय. धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठची फड पद्धत शतकानुशतकं ते खोटं ठरवत आली. बंधाऱ्यातून पाट निघतो, रानाचे फड, म्हणजे मोठे भाग, पडतात, एका फडात एकच पीक. एकेका शेतकऱ्याचे तुकडे बहुधा निरनिराळ्या फडांत असतात. पाणी घटलं की एखादा फड कोरडा ठेवायचा. झळ वाटली जाते. पाणी सोडायची दारं धरतो पाटकरी, शेताचा मालक नव्हे! त्याची मजुरी शेतकरी धान्यात देत. फुकट काहीच नव्हतं, पाटातला गाळही त्यांनाच काढावा लागे. सामायिक साधनं लोकांनीच सांभाळायच्या अशाच व्यवस्थांच्या अभ्यासासाठी अमेरिकी अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढे बरेच फड मोडले, त्यात वरच्या अंगाला झालेल्या धरणांचाही वाटा आहे.