जुना ट्रॅक्टर पिकअपवर लादून आणायचाय? आधी वजन, मग कागद

नागपूर जिल्ह्यात जुन्या ट्रॅक्टरचे बरेच सौदे सीमेपलीकडे मध्य प्रदेशात होतात. पांढुर्णा, सौंसर, सिवनीकडे भाव बरा मिळाला की ट्रॅक्टर चालवत आणण्यापेक्षा गाडीवर लादून आणणं सोपं वाटतं. पण कोणती गाडी चालते, सोबत काय ठेवायचं आणि ट्रॅक्टर नावावर कसा करायचा, हे इसार देण्याआधीच बघून घ्या.

कोणती गाडी चालेल?

पिकअपच्या आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) दोन वजनं असतात: रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं. दोन्हींतला फरक म्हणजे कायदेशीर भार, आणि ड्रायव्हरही त्यातच मोजायचा. बाजारातल्या पिकअपची क्षमता साधारण सव्वा ते दोन टन. ४०-४५ एचपीचा ट्रॅक्टर १,८०० ते २,१०० किलोच्या घरात जातो. शिवाय नांगरटीसाठी मागच्या टायरांत पाणी भरलेलं असतं, पुढे लोखंडी वजनं लावलेली असतात. ती माहितीपत्रकातल्या वजनात धरलेली नसतात. म्हणून ट्रॅक्टर आधी धरमकाट्यावर (गाड्यांच्या वजनकाट्यावर) चढवा, पावती घ्या आणि मगच गाडी ठरवा. काटोल-नरखेडच्या संत्रा बागांत फिरणारा सात-आठशे किलोचा मिनी ट्रॅक्टर पिकअपवर आरामात बसतो. मोठ्यासाठी सरळ आयशर ट्रक किंवा लो-बेड (बुटका ट्रेलर) बोलवा.

जास्त भार सापडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २० हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. वरून जादा माल तिथेच उतरवायला लावतात. आता ट्रॅक्टर अर्धा कसा उतरवणार? टायर किंवा रोटाव्हेटर (ट्रॅक्टरमागचं मशागतीचं अवजार) गाडीबाहेर आलं तर त्याचा दंड वेगळा, तोही २० हजार. रोटाव्हेटर सोडवून दुसऱ्या खेपेत आणा.

काही जण पिकअपला शेतीची ट्रॉली जोडून तिच्यावर ट्रॅक्टर चढवतात. ही युक्ती कागदावर टिकत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये कृषी ट्रेलर म्हणजे कृषी ट्रॅक्टरला जोडायचा ट्रेलर, अशीच व्याख्या आहे. पिकअपमागे ट्रेलर लावायचाच असेल तर त्याची स्वतःची नोंदणी हवी. त्यासाठी मंजूर डिझाइनचा कागद लागतो. गावच्या वेल्डिंगवाल्याने बनवलेल्याला तो कुठून मिळणार? शिवाय ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागे दिसला पाहिजे.

रस्त्यात सोबत काय असावं

पिकअपची आरसी, विमा, फिटनेस, पीयूसी. भाड्याने घेत असाल तर पिवळ्या पाटीचीच (व्यावसायिक नोंदणीची) गाडी घ्या. एकूण वजन ३,००० किलोच्या आतलं असेल तर परमिट लागत नाही, त्यावर असेल तर लागतं. ड्रायव्हरकडे एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स असलं तरी ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पक्कं केलं. कागद डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमध्ये असले तरी चालतात.

ट्रॅक्टरचे कागद म्हणजे मूळ आरसी, विक्री करारनामा आणि काट्याची पावती. डीलरकडून घेतला असेल तर बिल आणि, दुसऱ्या राज्यातून आणताना किंमत ५० हजारांच्या वर असल्यास, ई-वे बिल (जीएसटीचा मालवाहतुकीचा कागद). गाडीच्या थर्ड पार्टी विम्यात लादलेल्या ट्रॅक्टरचं नुकसान येत नाही, त्यामुळे महागडा ट्रॅक्टर असेल तर वाहतुकीचा विमा वेगळा काढा.

नावावर करण्याची प्रक्रिया

विक्रेता महाराष्ट्रातलाच असेल तर काम सोपं आहे. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० दोघांच्या सह्यांनिशी, आरसी, चालू विमा, पीयूसी, तुमचा पत्त्याचा पुरावा, पॅन किंवा फॉर्म ६०. कर्जाचा बोजा असेल तर बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ आणि ना-हरकत. विक्रेत्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावरून होतो, पण ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाईलवर जातो, आणि जुन्या ट्रॅक्टरचा तो नंबर बऱ्याचदा केव्हाच बंद पडलेला असतो. पैसे देण्याआधी विक्रेत्याला तो अपडेट करायला लावा. थकलेले ई-चलानही तेव्हाच बघा.

ट्रॅक्टर मध्य प्रदेशातला असेल तर आधी तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत), म्हणजे फॉर्म २८. ती हातात आली की फॉर्म २९-३० सोबत फॉर्म २७ भरून इथला नंबर घ्यायचा. दुसऱ्या राज्याच्या नंबरवर १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. ‘एनओसी नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्याचा ट्रॅक्टर गाडीवर चढवूच नका.

नागपूर शहरासाठी एमएच ३१, पूर्वसाठी एमएच ४९ आणि काटोल, नरखेड, सावनेरसारख्या तालुक्यांसाठी ग्रामीणचं एमएच ४० कार्यालय. ट्रॅक्टरसोबत ट्रॉली घेतली असेल तर तिची आरसी वेगळी, तिचे फॉर्मही वेगळे. ट्रॉलीला आरसीच नाही असं विक्रेता म्हणाला, तर तिचे पैसे सौद्यातून वजा करा किंवा ती तिथेच राहू द्या.