हेड स्टार्ट की चाइल्ड केअर सबसिडी? बेघर कुटुंबाने आधी कुठे जायचं

अमेरिकेत राहतं घर सुटलेल्या कुटुंबाला लहान मुलाची दिवसाची सोय हवी असते, तेव्हा दोन नावं हमखास पुढे येतात: हेड स्टार्ट, म्हणजे गरीब कुटुंबांतल्या लहान मुलांसाठीचा मोफत शिक्षण-संगोपन कार्यक्रम, आणि चाइल्ड केअर सबसिडी, म्हणजे पाळणाघराच्या खर्चाला मिळणारी सरकारी मदत. दोन्हींचा पैसा मुख्यतः केंद्र सरकारचा. दोन्हींच्या नियमांत बेघर मुलांना झुकतं माप आहे आणि बेघर कोण, याची व्याख्याही एकच. त्यामुळे निवारागृहातले कर्मचारीही ही नावं एका दमात घेतात. घोटाळा इथेच सुरू होतो. हेड स्टार्टमध्ये बेघर असणं एवढंच पात्रतेला पुरतं. सबसिडीत बेघर असल्यामुळे रांगेत पुढचा नंबर मिळतो, पण रांगेत उभं राहायची पात्रता वेगळी सिद्ध करावी लागते.

हेड स्टार्ट १९६५ पासून चालू आहे. तीन वर्षांपासून शाळेच्या वयापर्यंतची मुलं हेड स्टार्टमध्ये, त्याहून लहान मुलं आणि गरोदर स्त्रिया अर्ली हेड स्टार्टमध्ये. २००७ च्या कायद्याने बेघर मुलं थेट पात्र ठरली. उत्पन्न किती, आई नोकरी करते का, हे प्रश्न पात्रतेसाठी आड येत नाहीत. फी नाही.

सबसिडीचा आधार म्हणजे केंद्र सरकारचा बाल संगोपन निधी. तो राज्यांना मिळतो आणि राज्यं बहुधा व्हाउचरच्या रूपाने तो कुटुंबांना देतात. साधारणपणे मूल १३ वर्षांच्या आतलं हवं, कुटुंबाचं उत्पन्न राज्याच्या मध्यक उत्पन्नाच्या (निम्म्या कुटुंबांचं ज्याहून कमी आणि निम्म्यांचं जास्त, त्या आकड्याच्या) ८५ टक्क्यांच्या आत हवं (बरीच राज्यं मर्यादा याहून खाली ठेवतात) आणि पालक नोकरीत, प्रशिक्षणात किंवा शिक्षणात हवेत. बेघर कुटुंब उत्पन्नाच्या अटीवर सहसा अडत नाही, अडतं ते तिसऱ्या अटीवर. मुलाला ठेवायला जागा नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून मुलाला ठेवायला पैसे नाहीत.

यातून वाट दोन ठिकाणी निघते. पहिली, काही राज्यं नोकरी शोधणं हेही काम म्हणून धरतात. मग अर्जात ते तसं स्पष्ट लिहायचं. दुसरी फारशी कोणी सांगत नाही. नियमांत ‘संरक्षणाची गरज असलेली मुलं’ असा एक गट आहे आणि त्यात बेघर मुलांना धरायची मुभा राज्यांना आहे. राज्याने तसं धरलं असेल, तर काम आणि उत्पन्न या दोन्ही अटी प्रकरण पाहून शिथिल करता येतात. ‘संरक्षण’ हा शब्द ऐकून पुष्कळ आया दचकतात, मूल काढून घेतील की काय असं त्यांना वाटतं. या गटात बसण्यासाठी बाल संरक्षण विभागाकडे प्रकरण असण्याची गरज नाही. अर्ज भरून घेणाऱ्याने हे न विचारताच सांगावं.

व्याख्येबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी, कारण कितीतरी कुटुंबं अर्जापर्यंत पोचतच नाहीत. दोन्ही योजनांत मॅकिनी-व्हेंटो कायद्यातली, म्हणजे बेघरांच्या मदतीसाठीच्या केंद्रीय कायद्यातली, शिक्षणासाठीची व्याख्या चालते. घर गेल्यामुळे किंवा पैशाच्या ओढाताणीमुळे नातेवाइकांच्या हॉलमध्ये पथारी टाकलेलं कुटुंब तीत बसतं. दुसरा पर्याय नाही म्हणून मोटेलमध्ये राहणारं, गाडीत झोपणारं कुटुंबही बसतं. घरकुलाच्या मदतीसाठी वापरली जाणारी गृहनिर्माण खात्याची व्याख्या याहून अरुंद आहे. नातेवाइकांकडे आसरा घेतलेल्यांना ती सहसा वगळते. तिथे ‘तुम्ही बेघर नाही’ असं ऐकलेली आई पाळणाघराच्या अर्जातही ‘नाही’ वर खूण करते आणि हक्काचं प्राधान्य गमावते. म्हणून ‘तुम्ही बेघर आहात का?’ असं विचारूच नये. ‘काल रात्री कुठे झोपलात, आणि तिथे किती दिवस राहता येईल?’ असं विचारावं.

कागदपत्रांत दोन्हीकडे सवलत आहे, पण ती सारखी नाही. हेड स्टार्टमध्ये बेघर मूल लसीकरणाच्या आणि इतर नोंदींशिवाय ९० दिवसांपर्यंत, किंवा राज्याचे परवाना नियम देतील तितका काळ, येऊ शकतं. बेघर असल्याचा पुरावा नसेल तर पालकाचं सही केलेलं निवेदन चालतं. मात्र कर्मचाऱ्याने मूल कुठे, कसं राहतं हे स्वतः लिहून जोडायला हवं. ही टिपणी राहून गेली की पुढच्या तपासणीत फाइल अडते. सबसिडीत लसीकरणाच्या सवलतीची मुदत राज्य ठरवतं. प्राथमिक पात्रता ठरली की बाकीचे कागद येईपर्यंत मूल दाखल करता येतं, आणि नंतर कुटुंब अपात्र ठरलं तरी तोवर दिलेले पैसे चुकीचा खर्च मानले जात नाहीत. हे वाक्य प्रत्येक कचेरीत भिंतीवर लावण्यासारखं आहे. वसुलीच्या धास्तीनेच कर्मचारी ‘आधी सगळे कागद आणा’ म्हणतात.

वेळ आणि वय पाहिलं की निवड बरीच सोपी होते. हेड स्टार्टच्या पूर्ण वेळच्या वर्गाचा मापदंड वर्षाला १,०२० तासांचा आहे, म्हणजे दिवसाला सहा तास धरले तर १७० दिवस. संध्याकाळच्या पाळीत काम करणाऱ्या आईचं त्यात भागत नाही, आणि आठ वर्षांच्या थोरल्या भावाला तिथे जागाच नाही. त्याच्यासाठी सबसिडी. धाकटीसाठी दोन्ही एकत्र वापरता येतात: दिवसा हेड स्टार्ट, उरलेल्या तासांना व्हाउचर. व्हाउचरवर मात्र कुटुंबाला काही वाटा भरावा लागू शकतो. बेघर कुटुंबाला तो माफ आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं.

एवढं करूनही जागेची हमी दोन्हीकडे नाही. शाळेत बेघर मुलाला तत्काळ प्रवेश द्यावाच लागतो. इथे तसा हक्क नाही. हेड स्टार्टची केंद्रं मंजूर जागांपैकी ३ टक्क्यांपर्यंत जागा बेघर मुलं, सरकारने दुसऱ्या कुटुंबांकडे सांभाळायला ठेवलेली (फॉस्टर केअरमधली) मुलं आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी राखू शकतात. राखीव जागा ३० दिवसांत भरली नाही तर ती रिकामी धरून दुसऱ्याला द्यावी लागते. निवारागृह आणि केंद्र यांचं महिन्यातून एकदाच बोलणं होत असेल, तर राखीव जागा हातची जाते.

एकदा मिळालेली सबसिडी किमान १२ महिने चालते. मध्येच नोकरी गेली तरी राज्याला निदान तीन महिने नोकरी शोधण्यासाठी द्यावे लागतात. बंद पडते ती बहुधा पत्त्यामुळे: नूतनीकरणाचं पत्र जुन्या घरी जातं, उत्तर येत नाही, आणि प्रकरण बंद होतं. अर्जात निवारागृहाचा किंवा शाळा जिल्ह्याच्या (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) बेघर विद्यार्थी समन्वयकाचा पत्ता द्यावा. असा समन्वयक प्रत्येक शाळा जिल्ह्यात असतो, आणि त्याचं पत्र दोन्ही अर्जांना पुरावा म्हणून उपयोगी पडतं.

कुटुंब हलतं तेव्हा फरक पुन्हा समोर येतो. व्हाउचर त्याच राज्यात दुसऱ्या पाळणाघराकडे नेता येतं, राज्याची हद्द ओलांडली की नवा अर्ज. हेड स्टार्टची जागा त्या केंद्राची असते, मुलाबरोबर ती जात नाही. म्हणून निघण्यापूर्वी लसीकरणाची नोंद आणि पात्रता पडताळणीच्या कागदाची प्रत केंद्राकडून मागून घ्यावी, म्हणजे पुढच्या केंद्रात पहिल्याच दिवशी ती टेबलावर ठेवता येते.