युनिकोडची विशेष चिन्हे (मराठी व अहिराणी लेखन)

नेहमीच्या मुळाक्षरांपलीकडची, युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक संकेतप्रणालीत) स्वतंत्र क्रमांक असलेली चिन्हे : ₹, ॐ, अवग्रह (ऽ), दंड (।), तसेच अक्षरे कशी जोडायची ते सांगणारे, पडद्यावर न दिसणारे जोडक. खानदेशातील (जळगाव, धुळे, नंदुरबार) लेखनात सर्वाधिक अडचण येते ती अर्ध्या ऱ ची. तेथील अहिराणीत चालू क्रिया ‘करी ऱ्हायना’, ‘जाई ऱ्हायना’ अशी सांगतात, त्यामुळे हे रूप पानोपानी लागते.

देवनागरीला युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून (१९९१) २३०४ ते २४३१ हे क्रमांक मिळाले. मांडणी मुख्यतः १९८८ च्या ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीवरून घेतलेली आहे. ‘ऱ्ह’ तीन प्रकारे साठवता येतो : (१) ऱ (२३५३), हलन्त म्हणजे पाय मोडण्याचे चिन्ह (२३८१) व ह; (२) र, नुक्ता म्हणजे अक्षराखालचा बिंदू (२३६४), हलन्त व ह; किंवा (३) र, हलन्त, शून्य रुंदीचा म्हणजे न दिसणारा जोडक (८२०५) व ह. पडद्यावर तिन्ही बहुधा सारखेच दिसतात. पहिले दोन प्रमाणीकरणात (समान अर्थाच्या क्रमांकांना एकाच रूपात आणण्याच्या प्रक्रियेत) एकरूप होतात. तिसरा होत नाही. त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास सापडेलच असे नाही. तिसरी पद्धत युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी (१९९६) सुसंगती राहावी म्हणून मान्य आहे. तिचा वापर अजूनही होतो. मात्र मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या प्रणाल्या अदृश्य चिन्हे काढून टाकतात, तेव्हा सातपुड्यातल्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ (समुद्र) होतो. अर्थाची एवढी हानी पाहता पहिली पद्धत अधिक भरवशाची मानावी. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर र च्याच कळीवर शिफ्टसह ऱ मिळतो.

वेबपानाच्या कोडमध्ये चिन्ह थेट किंवा क्रमांकाने देता येते; रुपयासाठी ₹ असे लिहितात. येथे आंतरराष्ट्रीय अंकच लागतात, देवनागरी अंक ब्राउझर स्वीकारत नाही. पान यूटीएफ-८ (युनिकोड क्रमांक बाइटांत साठवण्याची पद्धत) असल्याचे घोषित केल्यास थेट ₹ लिहिणे सोपे. हे चिन्ह २०१० मध्ये स्वीकारले गेले व त्याच वर्षी युनिकोडमध्ये आले. त्याआधीच्या टंकांत (फॉन्टमध्ये) त्याजागी रिकामा चौकोन दिसतो. ॲ हा स्वतंत्र वर्ण २००८ चा.

पानाची भाषा कोणती नोंदवावी, याचा संबंध जुन्या वादाशी आहे. भारतीय भाषांचे सर्वेक्षण करणाऱ्या ग्रिअर्सनने खानदेशीची (अहिराणीसह) नोंद भिल्ली भाषांसोबत केली (१९०७). पुढे अनेकांनी तिला मराठीची बोली मानले. आयएसओ ६३९-३ या भाषासंकेतांच्या आंतरराष्ट्रीय यादीत अहिराणीला ‘एएचआर’ (ahr) हा स्वतंत्र संकेत आहे. अहिराणी मजकुराला तोच देणे योग्य वाटते, परंतु काही टंकांत ल व श यांची मराठी वळणे भाषा मराठी नोंदवल्यावरच उमटतात.

जुन्या दप्तरांतील मोडी लिपी २०१४ मध्ये सातव्या आवृत्तीत आली. तिचे प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये चार बाइट घेते, देवनागरीचे तीन. जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंग भाषा मोडीचे एक अक्षर दोन एकके म्हणून मोजते.