वॉर्ड वेगळा, निवासी केंद्र वेगळं

मानसोपचाराचा वॉर्ड बहुतेकांना ऐकून तरी माहीत असतो. आजार उफाळला, जिवाला धोका आहे, झोप-जेवण सुटलंय, तेव्हा तिथे भरती करतात. पट्टा, बुटांच्या नाड्या, चार्जरची वायर काढून घेतात. धोका जास्त असेल तर दर 15 मिनिटांनी कुणीतरी बघून जातं. मुक्काम काही दिवसांचा, फार तर काही आठवड्यांचा.

निवासी केंद्र म्हणजे मानसिक आजाराचा माणूस घरी परतण्याआधी स्वतःचं स्वतः सांभाळायला शिकतो ती जागा. तिथे तो आठवडे, कधी महिने राहतो. दारं, खोल्या, भेटीच्या वेळा केंद्रागणिक बदलतात, त्यात अडकू नका. पण 'निवासी केंद्र म्हणजे जरा मोकळा वॉर्ड' हे वाक्य ऐकलं की राग येतो, कारण याच समजापायी घरचे माणसाला अर्ध्यावर परत आणतात.

फरक आहे तो काम कोण करतं यात. वॉर्डात सिस्टर गोळी हातावर ठेवते आणि गिळली का ते तोंड उघडायला लावून बघते. निवासी केंद्रात तीच गोळी टप्प्याटप्प्याने पेशंटच्या ताब्यात जाते. आधी ठरल्या वेळी त्याने स्वतः येऊन मागायची. लगेच हाक मारत नाहीत, थोडी वाट बघतात. मग 7 खणांची डबी. सुरुवातीला भरताना कर्मचारी शेजारी बसतो, नंतर फक्त मोजतो. रविवारी बुधवारच्या खणात रात्रीची गोळी तशीच दिसली, तर आधी विचारतात, 'बुधवारी संध्याकाळी काय झालं?' गोळी जेवणाशी बांधलेली होती आणि त्या रात्री तो जेवलाच नाही, असं निघतं. मग डॉक्टरांना विचारून वेळ बदलतात. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) रक्तात किती आहे याची तपासणी शेवटच्या डोसनंतर साधारण 12 तासांनी करतात, म्हणजे सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावर. वॉर्डात हे सिस्टर सांभाळते. इथे त्याने लक्षात ठेवायचं, कारण घरी सिस्टर नसते.

'पैसे भरतो आणि भांडी घासायला लावतात' ही तक्रारही त्यातलीच. स्वयंपाक येत नाही असं क्वचितच असतं. सुरुवात होत नाही किंवा मधली पायरी सुटते. म्हणून कामाच्या पायऱ्या लिहून ओट्यावर चिकटवतात. सोबतचा माणूस कागदाकडे बोट दाखवतो. पेशंटऐवजी या सोबत्यानेच सुरी हातात घेतली की त्या दिवसाचा उपचार बुडाला. अर्थात, मनुष्यबळ वाचवायला किंवा शिक्षा म्हणून कामं देणारी केंद्रंही असू शकतात. तेव्हा विचारा: हे काम त्याच्या उपचार आराखड्यात लिहिलंय का, आढावा कोण घेतं?

घरी सोडण्याआधी एक रात्र, मग दोन रात्री घरी पाठवून बघतात. तो येण्याआधी घरातली गोळ्यांची जुनी पाकिटं काढून टाका, डोस बदललेले असतात. डबी त्याच्याकडेच राहू द्या. गोळी चुकली तर केंद्राला फोन करा. परतल्यावर मोजणी होते. ती बरोबर यावी म्हणून तुम्ही वेळेवर गोळ्या भरवल्यात, तर तो एकटा असता तर काय झालं असतं, हे केंद्राला कळायचं राहून जातं.